आमच्याकडे तर दिसतंय!



इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण जी वाक्यं तोंडपाठ करतो, त्यात पहिला नंबर लागतो तो "सर, माझ्या मशीनवर तर चालत होतं!" या वाक्याचा. प्रॅक्टिकलला हेच, मिनी प्रोजेक्टच्या डेमोला हेच आणि मेगा प्रोजेक्टच्या एक्स्टर्नलसमोर घाम पुसतानाही हेच. या वाक्याचं एक धाकटं भावंड आहे. ते मेलच्या बाबतीत वापरतात. "आमच्याकडे तर दिसतंय!"

या धाकट्या भावंडाचा मला मनापासून राग आहे. कारण गेल्या वर्षी हे वाक्य मी स्वतः किमान वीस जणांना ऐकवलं, आणि त्याचा भुर्दंड भलत्याच माणसाला बसला.

झालं असं. माजी विद्यार्थी मेळाव्याच्या निमंत्रणाचं काम आम्हा चौघांकडे आलं. आता साधं पत्र लिहायचं तर त्यात इंजिनिअरिंग ते काय? आम्ही ठरवलं, निमंत्रण हलणारं करायचं. जीआयएफ! रात्री दोनपर्यंत जागून, मेसमधून ढापलेल्या बिस्किटांवर दिवस काढून चार फ्रेमची जीआयएफ तयार झाली. पहिल्या फ्रेममध्ये आपल्या जुन्या सभागृहाचा फोटो, त्यावर मेळाव्याचं नाव आणि रविवारची तारीख. दुसऱ्या फ्रेममध्ये समई उजळते आणि वेळ येते, दुपारी ४. तिसऱ्या फ्रेममध्ये जागा, नव्या इमारतीतला सेमिनार हॉल. चौथीत "आम्ही वाट पाहतोय". ती समईची ज्योत नीट थरथरावी म्हणून आमच्यातल्या एकाने सबमिशन बुडवलं होतं. मेलच्या मजकुरात मात्र एकच ओळ होती: "सविस्तर तपशील खालील निमंत्रणात पाहावा."

चित्र आम्ही हॉस्टेलच्या लॅनवरच्या एका मशीनवर ठेवलं आणि मेलमध्ये त्याची लिंक दिली. कॉलेजच्या वेबमेलवर मेल उघडून पाहिला. समई पेटली, टाळ्या पडल्या आणि तीनशेच्या वर मेल सुटले.

दुसऱ्या दिवशी उत्तरं यायला लागली. "पोरांनो, नुसती रिकामी चौकट दिसतेय." "फोटो फाटल्याचं चिन्ह आलंय." एका काकांनी तर विचारलं, "व्हायरस वगैरे नाही ना?" आम्ही सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं. "सर, आमच्याकडे तर दिसतंय. तुमच्याकडे इमेजेस चालू आहेत का बघा." म्हणजे ज्यांनी आयटीत वीस-वीस वर्षं काढली, त्यांना आम्ही सेटिंग शिकवत होतो! शेवटी त्यातल्याच एकांनी एका ओळीत निकाल लावला: "मित्रा, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता तुमच्या गेटच्या बाहेर येत नाही."

आता काय बोलणार? प्रायव्हेट आयपी पत्त्यांवर मी नेटवर्क्सच्या पेपरात व्यवस्थित उत्तर लिहिलं होतं. असे पत्ते त्या त्या घरापुरते, ऑफिसपुरते, कॅम्पसपुरते असतात. आमचं चित्र मागायला पुण्यातल्या माणसाचा कॉम्प्युटर निघाला, तर तो त्याच्याच घरातल्या राउटरपाशी घुटमळणार. आम्ही सगळे कॅम्पसच्या आत बसून तपासत होतो, म्हणून आम्हाला दिसत होतं. गंमत म्हणजे जीमेलवर तपासलं असतं तर कॅम्पसमध्ये बसूनही चूक कळली असती. डिसेंबर २०१३ पासून जीमेल मेलमधली चित्रं गूगलच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवतं, आणि त्या सर्व्हरला आपल्या हॉस्टेलचं लॅन कुठून दिसणार?

मग दुसरा मेल. या वेळी चित्र मेलच्या पोटातच घातलं. आता चौकट रिकामी नव्हती. पण नवी तक्रार आली. "सभागृहाचा फोटो छान, पण वेळ काय?" आम्ही परत शहाणे. "सर, दोन सेकंद थांबा, पुढची फ्रेम येईल." काही जण दोन सेकंद थांबले, काही दोन मिनिटं थांबले. पुढची फ्रेम आली नाही.

मेळाव्यात वर्कशॉपच्या मामांचा सत्कार होता. फिटिंग सेक्शनचे मामा. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या सीनियर्सना त्यांनी कानस धरायला शिकवलं, आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे साधा फोन. मेल गेला पुतण्याच्या पत्त्यावर. त्याने तो छापून त्यांच्या हातात ठेवला. कागदावर काय छापलं जाणार? पहिली फ्रेम. जुन्या सभागृहाचा फोटो आणि रविवारची तारीख.

पूर्वी मेळावा सकाळी दहाला जुन्या सभागृहातच व्हायचा. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, दोन बस बदलून पावणेदहाला हजर. सभागृहाला कुलूप. गेटवरचा वॉचमन नवा, त्याला काही माहीत नाही. मामा पायरीवर साडेबारापर्यंत बसले आणि परत गेले. दुपारी चारला सत्काराची खुर्ची रिकामी. आम्ही धावतपळत फोन केला तर म्हणाले, "अरे, मी सकाळी येऊन गेलो की! आता पुन्हा दोन बस नाही झेपायच्या रे." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

तर सांगायचा मुद्दा असा की, मेलमधली जीआयएफ दिसत नाही ही तक्रार आली की आपण ती बघणाऱ्याच्या माथी मारतो. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा ती जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. आणि हे मत मी नुसत्या अपराधीपणातून मांडत नाहीये. नंतर बसून नीट वाचलं, दहा ठिकाणी मेल पाठवून पाहिले, तेव्हा कळलं की बघणाऱ्याच्या हातात फारच थोडं असतं.

मुळात ई-मेल हे चित्रांसाठी जन्मलेलंच नाही. १९८२ साली ठरलेले एसएमटीपीचे नियम सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांपुरते होते. चित्रं, आवाज, आपली देवनागरी हे सगळं मेलमधून रीतसर पाठवायची सोय झाली ती १९९२ मध्ये, नॅथॅनियल बोरेनस्टाईन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाची पद्धत मांडली तेव्हा. त्यात चित्राच्या दर तीन बाइटची चार अक्षरं केली जातात. म्हणजे तीन एमबीची जीआयएफ मेलमध्ये चार एमबीच्या वर जाते. हॉस्टेलच्या वायफायवर ती सहज उतरते. गावी एका काडीच्या नेटवर्कवर ती उतरेपर्यंत चहा होऊन जातो, आणि तोवर चौकट रिकामीच.

जीआयएफची जन्मकथाही अशीच. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली, ती मंद मोडेमवरून रंगीत चित्रं पाठवता यावीत म्हणून. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेम किती वेळ थांबवायची, हे शतांश सेकंदांत सांगायची सोय आली. आणि पुन्हा पुन्हा फिरत राहायची युक्ती तर नेटस्केप ब्राउझरवाल्यांनी नंतर जोडली, साधारण १९९५ च्या सुमारास. (उच्चार 'जिफ' की 'गिफ' यावर आमच्या विंगमध्ये दोन तट आहेत. विल्हाइट स्वतः 'जिफ' म्हणायचे, पण गिफवाले ऐकत नाहीत. असो.) म्हणजे बघा, मेल एकाचा, चित्र दुसऱ्याचं, फिरणं तिसऱ्याचं, आणि हे सगळं दाखवणारा प्रोग्राम चौथ्याचा. चौघांनी एकमेकांशी जमवून घेतलं तर समई पेटणार!

हा चौथा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. विंडोजवरच्या आउटलुकचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असायला हवं. आउटलुक २००३ मेल दाखवायला ब्राउझरचं इंजिन वापरायचा. आउटलुक २००७ पासून ते काम वर्डच्या इंजिनकडे गेलं, आणि २००७, २०१०, २०१३, २०१६ या आवृत्त्यांत हलणाऱ्या जीआयएफची फक्त पहिली फ्रेम दिसायची. अलीकडच्या आवृत्त्यांत जीआयएफ हलते. पण जुनं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं वापरणारी ऑफिसं आपल्याकडे कमी नाहीत, आणि तिथे बसलेल्या माणसाने कितीही क्लिक केलं तरी दुसरी फ्रेम येणार नाही. त्याची काय चूक?

शिवाय कित्येक प्रोग्राम बाहेरून येणारी चित्रं मुद्दाम अडवून ठेवतात, आणि त्यालाही कारण आहे. एक बाय एक पिक्सेलचं, डोळ्याला न दिसणारं चित्र मेलमध्ये टाकलं, की मेल उघडताक्षणी ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि त्याला कळतं की तुम्ही मेल कधी उघडला. जाहिरातवाल्यांनी हा उद्योग इतका केला, की सावध माणसाने चित्रं बंद ठेवणं शहाणपणाचंच आहे. आम्ही मात्र त्यालाच "इमेजेस चालू करा" म्हणून उपदेश करत होतो.

आता कोणाची जीआयएफ अडकलीच, तर आमच्या चुकांतून निघालेली तपासणी सांगतो. आधी बघणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: चौकट रिकामी आहे, की चित्र दिसतंय पण हलत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत, औषध एक नाही.

चौकट रिकामी असेल, तर चित्र पोचलेलंच नाही. लिंक लॅनवरची आहे का? तुमच्याच सी ड्राइव्हवरची आहे का? ड्राइव्हवर ठेवून 'फक्त कॉलेजच्या खात्यांना' अशी परवानगी दिलीय का? मेल पाठवून झाल्यावर कोणी ती फाईल हलवली किंवा नाव बदललं का? हे सगळं निस्तरल्यावरच बघणाऱ्याच्या सेटिंगकडे बोट दाखवा.

चित्र आहे पण थिजलेलं आहे, तर ते उतरवून घ्या आणि ब्राउझरमध्ये उघडा. तिथे हललं, तर फाईल ठीक आहे, मेलचा प्रोग्राम हलवत नाहीये. तिथेही हललं नाही, तर फाईलच मेलेली आहे. जीआयएफ पेंटमध्ये उघडून सेव्ह केली की एकच फ्रेम उरते. स्क्रीनशॉट काढला तर प्रश्नच मिटला. ब्राउझरमधून चित्र कॉपी करून मेलमध्ये पेस्ट केलं, तर बहुतेक वेळा स्थिर चित्रच चिकटतं, म्हणून फाईल सेव्ह करून मग आत घाला. कधी फिरत राहायची सूचनाच फाईलमध्ये नसते. मग जीआयएफ एकदाच फिरून थांबते, आणि माणूस मेल खाली सरकवत पोचेपर्यंत खेळ संपलेला असतो. आणि व्हॉट्सअॅपवरून घेतलेली 'जीआयएफ' असेल तर फाईलचं नाव बघा. ते .एमपी४ ने संपतं. व्हॉट्सअॅप जीआयएफला छोटा व्हिडिओ करून ठेवतं. मेलला तो जोडला की अटॅचमेंट म्हणून खाली लटकतो, चित्र म्हणून दिसत नाही.

इथे कोणी म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? मेल वाचतं कोण? ग्रुपवर टाका!" मान्य, ग्रुपवर हलतं. पण ग्रुपवर कोण असतं? आपणच! बाहेरचे पाहुणे, निवृत्त सर, मामांचा पुतण्या हे आपल्या ग्रुपवर नसतात. प्लेसमेंटच्या कंपन्या आणि फेस्टचे प्रायोजक यांच्याशी बोलणं मेलवरच होतं. ज्यांना बोलवायचं, ते बाहेरचेच असतात. आणि बाहेरचं आपल्याला दिसत नाही, हाच तर सगळा घोळ आहे.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. "साधा मजकूर वाचायला कोणाला वेळ आहे? हलतं ते लक्ष वेधून घेतं." अगदी बरोबर! म्हणून जीआयएफ टाकूच नका, असं मी म्हणत नाही. आमची समई खरंच सुंदर होती, आणि ज्यांना दिसली त्यांनी कौतुकही केलं. पण ती तोरणासारखी हवी. दाराला तोरण लावावं, दार काढून त्या जागी तोरण बांधू नये. तोरण पडलं तरी माणूस आत आला पाहिजे.

यात आपल्या स्टाफलाही, आदर राखून, एक विनंती आहे. नोटीसचा फोटो काढून तो मेलला लावण्याची पद्धत सगळीकडेच पडली आहे. तो फोटो हलत नाही एवढंच, बाकी रोग तोच. महिनाभराने "फॉर्मची शेवटची तारीख" म्हणून मेलमध्ये शोधायला जावं, तर बऱ्याचदा काही सापडत नाही, कारण ती अक्षरं नाहीत, चित्र आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते स्क्रीन रीडरवर मेल ऐकतात. चित्राला शब्दांत वर्णन जोडलेलं नसेल, तर त्यांच्यासाठी त्या मेलमध्ये जवळपास काहीच नसतं. वर दोन ओळी टाइप केल्या तर फोटोही राहील आणि माहितीही पोचेल.

तेव्हा यंदाच्या सगळ्या कमिट्यांनी पाच गोष्टी पाळाव्यात, असं मला वाटतं. एक, तारीख, वेळ, जागा आणि फोन नंबर मजकुरातच, तोही सगळ्यात वर. दोन, जीआयएफची पहिली फ्रेम स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. पुढच्या फ्रेम कधीच आल्या नाहीत तरी काम अडता कामा नये. तीन, चित्राला शब्दांत वर्णन जोडा, आणि आकार एक एमबीच्या आत ठेवा. जीआयएफमध्ये एका फ्रेमला मुळात २५६ रंगांचाच संच असतो, त्यामुळे फोटोपेक्षा साधी रेघांची चित्रं त्यात जास्त शोभतात आणि फाईलही लहान होते. चार, लखलखाट टाळा. काहींना वेगाने लुकलुकणाऱ्या चित्रांमुळे फिट येऊ शकते, म्हणून वेबसाठीच्या मार्गदर्शक नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुक नको असं सांगितलंय. आणि पाच, सगळ्यात महत्त्वाचं. तीनशे मेल सोडायच्या आधी पाच मेल सोडा. एक कॅम्पसबाहेरच्या मित्राला, एक स्वस्तातल्या फोनवर, एक जुन्या आउटलुकवर, एक चित्रं बंद ठेवून, आणि एक छापून. पाचही ठिकाणी निमंत्रण कळलं, तरच पुढे जा. या सगळ्याला अर्धा तास पुरतो. आम्ही ज्योतीवर सहा तास घालवले होते!

मेळाव्यानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं शाल-श्रीफळ घेऊन मामांच्या घरी गेलो. वाटेत कोणी कोणाशी बोललं नाही. मामांनी चहा केला, आणि फडताळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं ते प्रिंटआउट काढलं. "फोटो मात्र झकास आलाय हां सभागृहाचा," म्हणाले. आम्ही काय चुकलं ते सांगायला लागलो, फ्रेम, लॅन, लिंक वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

ज्यांनी मामांकडे फिटिंग केलंय त्यांना त्यांची रीत आठवत असेल. व्ही जॉइंटचा जॉब झाला की ते आपल्या दोन तुकड्यांची जोडी कधीच तपासायचे नाहीत. शेजारच्याचा तुकडा मागायचे आणि आपला त्यात बसवून बघायचे. आपल्याच तुकड्यात आपला तुकडा घासून घासून कोणीही बसवतो, असं त्यांचं म्हणणं.

"मग निमंत्रणाचा जॉब शेजारच्याच्या तुकड्यात बसवून बघितला नव्हता का रे?" मामांनी विचारलं.

"नाही मामा."

"मग रिजेक्ट," म्हणाले, आणि हसून आमच्या बश्यांत आणखी दोन-दोन बिस्किटं ठेवली.

यंदाच्या मेळाव्याचं निमंत्रण तयार आहे. पहिल्या ओळीत तारीख, दुसरीत वेळ, तिसरीत जागा. समई त्याच्या खाली आहे, हलली तर हलली. मेल पाच ठिकाणी तपासून झालाय. मामांना मात्र मेल पाठवलेला नाही. त्यांना फोन केलाय, आणि त्या दिवशी दुपारी त्यांना घरून घेऊन यायला आमच्यातले दोघं जाणार आहेत.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी